पियानोवरची नावं

आमच्याकडे भांड्यावर नाव नसेल तर ते भांडं कुणाचंच नसतं. लग्नात आलेला डबा असो की तांब्या, त्यावर बारीक ठिपक्यांनी कोरलेलं असतं: अमक्याकडून तमकीस भेट. असं भांडं मोडीत घातलं तर देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची, दोघांचीही शोभा होते. म्हणून आत्याचा पियानो इस्लामपूरजवळच्या आमच्या घरी आला, तेव्हा सगळ्यांनी आधी त्यावर नाव कुणाचं ते विचारलं.

आत्या, आबांची धाकटी बहीण, लवकर विधवा झाली आणि साताऱ्याला एका डॉक्टरीणबाईंच्या बंगल्यात कामाला राहिली. सत्तरच्या सुमारास बाई कायमच्या विलायतेला निघाल्या आणि पियानो तिला देऊन गेल्या. उसाच्या रिकाम्या ट्रॉलीतून आत्या, तिची ट्रंक आणि ते धूड असे एकत्रच दारात उतरले. झाकणाच्या आत वेलबुट्टीसारखी वळलेली सोनेरी अक्षरं होती आणि खाली छोटी पितळी पट्टी. आबा फौजेतून पेन्शनीवर आलेले, इंग्रजी वाचणारे घरात तेवढेच. त्यांनी चष्मा लावला, वाकून पाहिलं आणि सांगून टाकलं की वर देणाऱ्या बाईंचं नाव आहे आणि खाली आत्याचं.

पियानो मावला तो फक्त कडेच्या खोलीत. पियानो आत्याचा, म्हणून खोलीही आत्याची झाली. आईला हे कधीच पटलं नाही, पण नावापुढे तिचं काही चालेना. आत्याला त्यातली एक पट्टीसुद्धा वाजवता येत नव्हती. तरी दर खंडेनवमीला ती त्याला हार घाली आणि खालच्या पितळेवर हळदकुंकू वाही. काही वर्षांत ती अक्षरं पार बुजून गेली. शाळेत इंग्रजी सुरू झाल्यावर मी वरच्या वळणांत बाईंचं नाव शोधायचा बराच खटाटोप केला. काही लागेना, तेव्हा सगळं खापर मास्तरांवर फोडून मोकळी झाले.

मग थोरल्या भावाचं लग्न ठरलं आणि नव्या जोडप्याला खोली हवी झाली. आईने सांगलीहून जुन्या वाद्यांचा एक व्यापारी बोलावला. पियानो गेला की खोली रिकामी आणि आत्याचं अंथरूण स्वयंपाकघरात, हे कुणी बोललं नाही, पण कळत सगळ्यांना होतं. आत्या दारातच उभी राहिली. नाव घातलेली वस्तू विकत नसतात, एवढंच ती म्हणाली.

व्यापारी तसा भला माणूस. त्याने ओल्या फडक्याने पितळ पुसलं, वरची अक्षरंही सरावाने वाचली आणि समजावून सांगितलं की वर जर्मनीतल्या कारखान्याचं नाव आहे, खाली ज्यांनी विकला त्या मुंबईच्या दुकानाचं. शिलाई मशीनवर असतं तसंच. माणसाचं नाव यात कुठंच नाही.

मला त्याचा मनस्वी राग आला. बिचारा खरं तेच बोलत होता, पण खरं बोलायला त्याला आमचंच घर सापडलं होतं. आईसुद्धा खूश दिसली नाही. ती उगाच पदर सारखा करत राहिली. आत्या आबांकडे बघत होती.

"दादा, तुला वाचता येत हुतं न्हवं?"

"येत हुतं," आबा म्हणाले. मग व्यापाऱ्याकडे वळून त्यांनी सांगितलं, "तिचं नाव मी घातलंय त्यावर. इकायचा न्हाई."

तो चहा पिऊन गेला. भावाचा पलंग मधल्या खोलीत पडदा लावून टाकायचं ठरलं. आबांनी आत्याची बाजू राखली, असं वाटून मला त्यांचा फार अभिमान वाटला. आत्याही निवली असेल असं धरून मी तिच्या मागोमाग खोलीत गेले. ती पियानोचं झाकण लावत होती. दारात आबा येऊन उभे राहिले, तेव्हा मागे न वळताच ती म्हणाली,

"भनीला एक खोली द्यायला तुला पियानो लागला व्हय, दादा?"

पोरीबाळींसमोर आबा कधी खाली बसत नसत. त्या दिवशी ते तिथंच उंबऱ्यावर बसले.