घर ठरल्याशिवाय डोळे नाहीत

आखणीआत्याला एखादी गोष्ट आवडली नाही की ती नाकातून ‘हूं’ करायची. आवडली तर काय करायची ते मला माहीत नाही, कारण तो प्रसंग माझ्यासमोर कधी आला नाही. लग्नातली जिलेबी, स्टेशनजवळची नवी इमारत, माझ्या वडिलांची मूळव्याध बरी करणारा वैद्य, सगळ्यांची वासलात त्या एका हुंकाराने लागायची. कर्जतच्या बाजारात साडी दाखवणारा दुकानदार घडी मोडायच्या आधीच ओशाळलेला असे.

ती माझी सख्खी आत्या. तिने लग्न केलं नाही. बघायला आलेल्या दोन स्थळांनाही म्हणे तिने हूंच केलं होतं. घराच्या पडवीत तिचा गणपतीचा कारखाना होता. पेणहून शाडूच्या कच्च्या मूर्ती हमीदभाईंच्या टेंपोतून यायच्या, आत्या त्या रंगवायची आणि सगळ्यात शेवटी आखणी करायची, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायची. आखणी तिने कधी दुसऱ्या कोणाला करू दिली नाही. म्हणून सगळा गाव तिला आखणीआत्या म्हणे, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा.

आखणीचा तिचा एक नियम होता आणि त्यापुढे ब्रह्मदेवाचंही चालत नसे. ज्या मूर्तीचं घर ठरलेलं नाही, तिचे डोळे ती काढायची नाही. गिऱ्हाईक येऊन मूर्ती सांगून गेलं, कुठल्या आळीत, कोणाकडे जायची हे कळलं, की मग ती ब्रश हातात घेणार. डोळे झाले की मूर्तीच्या तोंडावर लगेच रुमाल, तो घरी पाटावर बसवल्यावरच काढायचा. चतुर्थी उलटून गेली तरी न खपलेल्या मूर्ती फळीवर आंधळ्याच बसून राहत आणि पुढे सवडीने पिंपात भिजत पडत. मी लहानपणी विचारलं होतं, की उरलेल्यांनाही डोळे काढले तर बिघडतं काय? ती म्हणाली, “डोळं दिलं का तो बघाय लागतो गं. मंग त्याच्यासमोर कोन नको बसाय?”

अशा घरातली मी मुंबईला जाऊन वर्तमानपत्रात चित्रप्रदर्शनांवर लिहू लागले. ‘या आठवड्यात काय पाहाल’ असं माझं सदर होतं. ‘काय टाळाल’ असं असतं तर लिहायला मजकूर कमी पडला नसता. पांढऱ्या भिंती, हुडहुडी भरवणारा एसी, टेबलामागे मान वर न करणारी एक मुलगी आणि भिंतीवर चित्रापेक्षा मोठा मजकूर, एवढी सामग्री असली की आमच्याकडे कला झाली असं समजतात. मी मात्र लिहायची, ‘अस्तित्वाच्या मुळाशी भिडणारं प्रदर्शन’. पगार त्याचाच होता.

गणपतीचा हंगाम संपला की आत्या रिकामी असे. एका वर्षी म्हणाली, “तुझी चित्रं दाखव की मला पन.” तेव्हापासून दर थंडीत ती दोन-चारदा यायची. चपाती-भाजीचा डबा बरोबर असायचाच, कारण मुंबईच्या खाण्यालाही हूं होतं. आम्ही गॅलरीच्या पायरीवर बसून आधी जेवायचो आणि मग आत जायचो. “भरल्या पोटी बगावं. नायतर उगंच राग येतो,” असं ती म्हणायची. भरल्या पोटीही राग येतच असे.

एका ठिकाणी अंधाऱ्या खोलीत एक माणूस कांदे सोलतोय असा चित्रपट लावला होता. लोक दारातून डोकावून ‘वॉव’ म्हणत आणि सटकत. आत्या बाकावर मांडी घालून बसली ती पुरा संपेपर्यंत. तो चित्रपट पूर्ण पाहणारी अख्ख्या शहरात ती बहुधा एकटीच. बाहेर आल्यावर म्हणाली, “येवढं सोललं, पन केलं काय त्यांचं?” त्या कलावंताला मी पुढे हाच प्रश्न जरा सजवून विचारला, तेव्हा त्याने माझ्या हातात माहितीपत्रक ठेवलं.

भिंतीवरचा मजकूर ती मला मोठ्याने वाचायला लावायची. एकदा असंच मी पानभर इंग्रजीचं मराठी करून सांगितलं, विस्थापन, शरीर, स्मृती वगैरे. ती शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, “मंग चित्र पुसलं तरी चालंल की.” टेबलामागच्या मुलीने त्या दिवशी पहिल्यांदा मान वर केली.

आत्याचं सगळंच बरोबर असे असं मुळीच नाही. ती चांगली अन्यायी होती. एका मुलीची छोटी छोटी जलरंगातली चित्रं मला फार आवडली होती, इतकी की सदरात पहिल्यांदाच एकही खोटं वाक्य लिहावं लागलं नाही. आत्याने त्यांनाही हूं केलं. मी चिडून भांडले, तर थेट कर्जतला पोचल्यावर घराच्या पायरीवर चप्पल काढता काढता म्हणाली, “हात बरा हाय तिचा. पन असं सांगायचं नसतं. कवतिक केलं का हात सैल पडतो.” मग माझ्या डोक्यात जरा प्रकाश पडला. लहानपणी माझी चित्रकलेची वही तिने उघडूनही पाहिली नव्हती. मी त्याच रागात ब्रश सोडला होता.

तिला सगळ्यात जास्त खुपली ती लाल टिकली. चित्र विकलं गेलं की शेजारी लाल टिकली लावतात हे मी तिला सांगितलं. समोर एका म्हाताऱ्याचं मोठं चित्र होतं, डोळे थेट आपल्याकडे रोखलेले. “इकलं तर मंग नेत का नाय?” तिने विचारलं. मी म्हटलं, प्रदर्शन संपल्यावर नेतील, बहुतेक गोदामात ठेवतील, भाव वाढेपर्यंत. “गोदामात? डोळं असलेला मानूस गोदामात?” त्या दिवशी तिने हूंसुद्धा केलं नाही. तशीच बाहेर पडली.

आणि याच आत्याच्या पडवीत मी एका मोठ्या कलावंताला घेऊन गेले. त्यांचं कर्जतजवळ पळसदरीला धरणाच्या बाजूला फार्महाऊस होतं. शनिवार-रविवार तिथे येऊन ते ग्रामीण वास्तवाचा शोध घेत. शोध गेटच्या आतच चाले. फळीवर ओळीने बसलेल्या, डोळे नसलेल्या मूर्ती पाहून त्यांना भरून आलं. “ही दृष्टिहीनता... हा मौनाचा संप्रदाय...” असं काहीतरी ते पुटपुटले. मला आतून वाटत होतं, की चला, निदान आत्याचं नाव मुंबईच्या भिंतीवर लागेल. त्यांनी सगळ्या मूर्ती मागितल्या. आत्या म्हणाली, “माती हाय ती. भिजवायचीच हाय. न्या.”

प्रदर्शन माघात उघडलं. हमीदभाईंच्या टेंपोतून गेलेल्या त्या मूर्ती पांढऱ्या ओट्यांवर मांडलेल्या, प्रत्येकीवर वरून एक दिवा. भिंतीवर कलावंतांचं नाव हातभर उंच, आणि तळाशी बारीक अक्षरात ‘स्थानिक कारागिरांच्या सहकार्याने’. मी ते आत्याला वाचून दाखवलंच नाही. हातात ग्लास धरलेली माणसं मूर्तींकडे पाठ करून एकमेकांकडे बघत होती. तेवढ्यात कलावंतांनी टाळी वाजवली आणि जाहीर केलं, की आता कर्जतच्या ज्येष्ठ आत्या आपल्या सर्वांसमोर एका मूर्तीला डोळे देणार आहेत. स्टूल, ब्रश, काळा रंग सगळं तयार होतं. आत्याला कोणी विचारलं नव्हतं, आणि मलाही.

सगळे मोबाइल वर झाले. आत्याने ब्रश उचलला, त्याचे केस चिमटीत धरून पाहिले आणि विचारलं, “कोनाच्या घरी जायचा हाय हा?”

कलावंत हसले. म्हणाले, “आत्या, हा घरी नाही जाणार. हे सगळे परदेशात जाणार, प्रदर्शनाला. मग संग्रहालयात.”

“संग्रालयात कुठं?”

“म्हणजे... त्यांच्या स्टोअरमध्ये.”

“मंग नाय,” म्हणून तिने ब्रश खाली ठेवला.

 कलावंत माझ्याकडे बघू लागले, जणू आत्या मी लिहिलेली होती. माझं सदर, माझ्या ओळखी, पुढची आमंत्रणं, सगळं त्या स्टुलावर होतं. एका गृहस्थांनी सावरून घेत म्हटलं, की मी ठेवतो माझ्या ऑफिसात, रिसेप्शनला. आत्याने विचारलं, “हापिसात रातीला रातं कोन?” ते गृहस्थ मागे सरकले. एवढ्या माणसांत, एवढी घरं असलेल्या माणसांत, आपल्या घरी नेतो म्हणणारा एक निघाला नाही. मला त्या सगळ्यांची किळस आली. त्यांच्याबद्दल इतकी वर्षं मी जे गोडगोड लिहिलं त्याचीही.

“माझ्या घरी,” मी म्हणाले.

मुलुंडच्या भाड्याच्या दोन खोल्यांत मी एकटी राहत होते. देव्हारा नव्हता. देवाशी माझं फारसं बोलणंही नव्हतं. आत्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“दरसाल आनशील?”

“आणीन.”

तिने पदर खोचला, स्टुलावर बसली आणि आखणी केली. हात कुठे अडला नाही. कोणी टाळी वाजवायच्या आत तिने कमरेचा रुमाल काढून मूर्तीच्या तोंडावर टाकला, मूर्ती उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “चल गं. माघी चतुर्थी तोंडावर आली.” कलावंत मागे धावले. मधली जागा रिकामी झाली होती, रचनाच बिघडली होती. आत्या दारातून वळून म्हणाली, “ऱ्हाऊ द्या जागा मोकळी. मानसं ती पन बगत बसतील.”

आणि खरंच बसली! पुढच्या आठवड्यात सगळ्यांनी त्या रिकाम्या ओट्यावर लिहिलं. ‘अनुपस्थितीचं धाडसी विधान’ हे शब्द आमच्याच वर्तमानपत्रात, माझ्या शेजारच्या टेबलावरून छापून आले. कलावंतांनी पुढे ओटा तसाच रिकामा परदेशात नेला. मी सदर सोडलं.

दर माघीला मात्र आत्या माझ्यासाठी एक मूर्ती ठेवायची, खिडकीजवळच्या फळीवर. दीड दिवस गणपती बसायचा, शेजारपाजारचे यायचे, मोदक बिघडायचे. आत्या येऊन आरास बघायची आणि हूं करायची.

गेल्या मार्गशीर्षात आत्या गेली. पौषात मी पडवी आवरायला गेले, तर खिडकीजवळच्या फळीवर माझी मूर्ती होती. अंगाचा रंग, शेला, सोंडेवरची नक्षी, सगळं झालेलं. डोळे तेवढे राहिले होते. मूर्ती न्यायला आलेल्या हमीदभाईंनी वाकून ती पाहिली. म्हणाले, “पेनला नेऊ का? तिकडं आखणीवाले पुष्कळ हायत.”

मी मूर्तीभोवतीची फळी पुसू लागले.

“घर ठरलंय ना याचं?” ते म्हणाले. “मंग डोळं पायजेत. आत्याचा ब्रश तितंच हाय.”

शहरातल्या यच्चयावत चित्रकारांचा मनातल्या मनात निकाल लावलेली मी. लहानपणी सोडलेला ब्रश पुन्हा हातात घेतला. दुसरा डोळा काढून होईपर्यंत हमीदभाई दारात पाठ करून उभे होते. मग त्यांनी वळून पाहिलं, मान तिरकी केली आणि प्रामाणिकपणे सांगितलं, “येक दाराकडं बगतो, येक तुमच्याकडं.”

मी रुमाल टाकला आणि मूर्ती घरी आणली. दीड दिवस लोक आले, पाया पडले, छान आहे म्हणाले. काहीही म्हणतात लोक. विसर्जनाच्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी समोर बसले. एक डोळा दाराकडे होता, आत्या यायची त्या बाजूला, आणि एक माझ्यावर. मला फार रडू आलं. बराच वेळ मी वाट पाहिली आणि कोणीच म्हणेना, तेव्हा मीच नाकातून ‘हूं’ केलं आणि बादली भरायला उठले.