जवसाच्या तेलाची मोटार

मोटार धुवायला अक्कल लागत नाही, असं माझं मत होतं; म्हणून ती मी स्वतःच धुवायला घेतली.

मी तेव्हा जळगावात वकिली करत होतो. एका निवृत्त इंजिनियरकडून मी जुनी, कापडी टपाची मोटार घेतली होती. धाकट्या बहिणीला, इंदूला, बघायला एरंडोलचे नाना येणार होते. ते मुलाचे काका, आणि त्या घरात त्यांचाच शब्द चाले. याआधी दोन ठिकाणी नकार आलेला, त्यामुळे आई धास्तावली होती. नानांना स्टेशनवरून लखलखीत मोटारीतून आणायचं, असं मी ठरवलं.

आदल्या दिवशी दुपारी मी मोटारीवर विहिरीच्या पंधरा बादल्या ओतल्या. (त्यातल्या चार गादीवर गेल्या.) मोटार स्वच्छ झाली, पण चमकेना. आमचा सुतार दारांना जवसाचं तेल लावून चमक आणतो, हे मला आठवलं. बायको म्हणाली, तो अगदी थोडं लावतो आणि लगेच पुसून काढतो. चोपडून ठेवलं तर आठ दिवस हाताला चिकटतं. मी तिला सांगितलं की लाकूड वेगळं आणि पत्रा वेगळा. मग मी अख्खी बाटली चोपडली. संध्याकाळी मोटारीत माझा चेहरा दिसत होता. फार समाधानी चेहरा होता तो.

सकाळी स्टेशनकडे निघालो. कापसाचा हंगाम होता. जिनिंग कारखान्याच्या रस्त्याला कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, आणि हवेत कापसाचे तंतू उडत होते. लोक माझ्याकडे वळून बघत होते. मला वाटलं, चमक बघताहेत.

स्टेशनवर उतरून पाहिलं, तर मोटार नखशिखांत पांढरी! नाना नवा काळा कोट घालून समोर उभे. त्यांनी मोटारीला एक फेरी घातली आणि विचारलं, "वकीलसाहेब, हाई मोटर शे का मेंढी?"

मी काही सांगायच्या आत ते दाराला टेकले. पुन्हा सरळ झाले तेव्हा कोटाच्या पाठीवर एका गादीपुरता कापूस होता.

घरी आलो. कोट उतरवून नानांना माझा सदरा दिला. तो त्यांच्या पोटावर बसेना. पोह्यांची बशी घेऊन यायची ती इंदू, घासलेटची बाटली आणि फडकं घेऊन आली. नानांसमोरच खाली बसून तिने कोट पुसायला घेतला. डोकं वर न करता ती म्हणाली, "नाना, तासभर विडी पेटवू नका. पेट घ्याल."

आईने डोळे मिटले. नानांनी तोंडातली विडी काढून खिशात ठेवली आणि मोठ्याने हसले. तासभर ते इंदूशीच बोलत बसले. निघताना आईला म्हणाले, "पोर गुणनी शे. आमले पसंत शे." मग माझ्याकडे बघून त्यांनी एकच अट घातली: लग्नाला वकीलसाहेबांनी बैलगाडीने यावं.

तसेच गेलो. निघायच्या दिवशी मी बैल धुवायला बादली उचलली, तर बायकोने ती माझ्या हातातून काढून घेतली.