न जोडलेलं पान

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला मी एरवी काय सांगत नाही! तुम्हाला का सांगतेय, तेही नीट माहीत नाही. कालपासून घरात नुसत्या येरझारा चालल्यात.

आधी माझं काम सांगते. कंपनीची माहितीपत्रकं मी कॉम्प्युटरवर तयार करते. प्रत्येकाच्या दोन फाइल — एक स्क्रीनवर वाचायला, एक छापायला. स्क्रीनवर खाली रेघ असलेल्या निळ्या शब्दावर बोट ठेवलं की त्याला जोडलेलं पान उघडतं. कागदावर कसं उघडणार? म्हणून छापायच्या फाइलमध्ये ते पान मागे लावावंच लागतं. नव्या मुलींना मी पहिल्याच दिवशी हे शिकवते. म्हणजे माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

आमची नवघरची जुनी बिल्डिंग पाडून नवी बांधायचं ठरलं. मी कमिटीत, त्यामुळे कराराचा मसुदा सगळ्यांना वाचायला देणं साहजिकच माझ्याकडे आलं. बाकीच्यांना तो मोबाइलवर गेला. एकट्या हिराकाकींना छापील हवा होता. काकी मूळच्या गोडदेवच्या, तळमजल्यावर राहायच्या; नवरा गेलेला, गुडघे दुखरे. संध्याकाळी दारात खुर्ची टाकून वाल सोलायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करायच्या. त्यांचं मागणं एकच होतं, तेही मलाच सांगितलेलं — "बाय, मना वर नको धाडू. लिफ्टमधी माझा जीव घाबरतो."

नव्या बिल्डिंगमध्ये तळाला पार्किंग. घरं त्याच्या वर. 'सदनिका ठरल्याप्रमाणे मिळतील' असं मसुद्यात होतं, आणि कुणाला कोणता मजला ते 'ठरल्याप्रमाणे' या निळ्या शब्दामागच्या पानावर. बिल्डरनं आम्हा कमिटीवाल्यांना आधी निवडू दिलं होतं. पहिल्या मजल्यावरचा, पुढे मोकळी गच्ची असलेला फ्लॅट मी घेतला. काकींच्या नावापुढे नववा मजला होता.

का घेतला? माझे गुडघे तर ठणठणीत आहेत. कुंड्यांसाठी — दुसरं काही नाही.

झेरॉक्सवाल्याला मी स्क्रीनचीच फाइल पाठवली. घाईत पाठवली, असं बरेच दिवस स्वतःला सांगत होते. पण त्यानं स्वतःहून विचारलं, "मॅडम, ये नीलावाला दबाने से दूसरा पेज खुलता है. वो भी निकालूँ क्या?" मी म्हणाले, "नहीं, इतना ही."

हे काही घाईत झालं नाही ना?

काकींनी ते सगळं वाचलं, एकेका ओळीवर बोट फिरवत. मी शेजारी बसलेले. त्या शब्दावर त्यांचं बोट थांबलं. "बाय, याच्याखाली रेघ कशाला हाय?"

मी म्हणाले, "महत्त्वाचं आहे म्हणून."

त्यांनी मान हलवली आणि पुढे वाचायला लागल्या. मसुदा मंजूर करायच्या मीटिंगमध्ये सगळ्यांत आधी त्यांचा हात वर गेला, तोही माझ्याकडे बघत.

किल्ल्या मिळाल्या त्या दिवशी नववा मजला ऐकून त्या भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पिशवीतून तोच मसुदा काढला आणि उभ्याउभ्या पुन्हा बोट फिरवायला लागल्या. "हितंच कुठं तरी असंल," त्या म्हणाल्या, "माझ्याच डोल्यांना दिसलं नसंल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अजूनही सांगता आलं असतं. मी म्हणाले, "असेल, काकी."

आता त्या फारशा खाली उतरत नाहीत. त्यांची सून सांगते, घरी येणाऱ्याला त्या माझं कौतुक ऐकवतात — "तिनं मना रेघा मारून दिल्या व्हत्या. मीच अडाणी."

माझ्या गच्चीत यंदा मोगरा भरभरून फुललाय. काल डबाभर फुलं मी सुनेच्या हाती वर पाठवली. रिकामा डबा परत द्यायचा नाही, म्हणून काकींनी सोललेले वाल भरून पाठवले. ते अजून ओट्यावर तसेच आहेत.