वहिनींची प्यादी

ताई गेल्यावर लोक जसे येतात तसे आले. नातेवाईक आले, शाळेतले आले, वाडीतली सुपारी उतरवायला येणारे आले, आणि तिचे कितीतरी जुने विद्यार्थी आले. त्यांतल्या बहुतेकांनी ती किती कडक होती हे सांगत सांगत डोळे पुसले. दिवस झाले, घर रिकामं झालं. मग पुढच्या रविवारी, नेहमीच्या वेळेला, वहिनी आल्या.

वहिनी उरणच्या; आमच्या नात्यातल्या नव्हेत, सगळं गाव म्हणतं म्हणून आम्हीही वहिनी म्हणायचो. मिठागरवाल्यांची लेक आणि मिठागरवाल्यांची सून. आता मिठागरं गेली आणि घरचे कंटेनरचे ट्रेलर बंदरात ये-जा करतात. कुठला ट्रेलर कुठे अडकलाय हे मुलांच्या आधी वहिनींना ठाऊक असतं. ताई उरणला गणित शिकवत होती तेव्हा वहिनी मुलाच्या मार्कांवरून भांडायला शाळेत गेल्या होत्या. शिक्षकांच्या खोलीत ताईपुढे बुद्धिबळाचा पट मांडलेला. वहिनींनी भांडण अर्ध्यावर सोडून पटाकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "हे प्यादं मेलं तुमचं, बाई." कसं काय मेलं, असं ताईने विचारलं आणि दोघी बसल्या. मुलाचे मार्क काही वाढले नाहीत. पण ताई निवृत्त होऊन अलिबागकडच्या आमच्या वाडीत राहायला आली, तरी वहिनी दर रविवारी करंज्याहून लाँचने रेवसला उतरायच्या, मिनीडोअर रिक्षा पकडायच्या आणि जेवणं आटोपली की आमच्या ओटीवर हजर व्हायच्या.

मी या घरातली धाकटी. माझं आयुष्य कॉलेजच्या ग्रंथालयात गेलं, त्यामुळे मला बुद्धिबळ येतं ते पुस्तकातून. सुरुवातीच्या खेळ्या पाठ, हल्ल्याचे नमुने पाठ, वजीर बळी देऊन मात करायच्या रीतीसुद्धा पाठ. एवढं असून ताई मला भाजी निवडता निवडता हरवायची. तिची तक्रार एकच होती. "तुझी मोहरी लढायला जातात," ती म्हणायची, "आणि प्यादी फिरायला." मी हसून सोडून द्यायचे. प्याद्यांत बघण्यासारखं काय असतं, असं मला खरोखरच वाटायचं.

तर त्या रविवारी वहिनी ओटीवर बसल्या. मग त्यांनीच कपाटावरून पट खाली काढला, मोहरी मांडली आणि पांढरी बाजू माझ्याकडे वळवली. आम्ही गप्प खेळलो आणि मी जिंकले.

पुढच्या रविवारीही जिंकले. त्याच्या पुढच्याही. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं. ज्या बाईशी खेळताना ताई पदर खोचून बसायची, तिला मी सहज मात देत होते. इतक्या वर्षांचं वाचन अखेर कामाला आलं, असं मी स्वतःला समजावत होते. सोमवार ते शनिवार घरात भांड्याचा आवाज झाला तरी दचकायला व्हायचं. रविवारी दुपारी मात्र मी केस नीट विंचरून बसायचे.

एक गोष्ट खटकत होती, पण तिला नाव देता येत नव्हतं. वहिनी चहा घ्यायच्या नाहीत. पूर्वी त्यांना दोन कप लागायचे आणि दुसऱ्यात साखर जास्त. आता "नको" म्हणायच्या, आणि डाव संपला की उठून चपला घालून, काही न बोलता निघून जायच्या. कुणाच्या घरी दुःखात भेटायला गेलेला माणूस निघताना "येते" म्हणत नाही आणि घरचेही "या" म्हणत नाहीत. उठायचं आणि जायचं. आमच्याकडे सगळे हे पाळतात. पण ते पहिल्या भेटीला. वहिनी दोन महिने होऊन चैत्र संपत आला तरी तशाच जात होत्या.

उलगडा झाला तो प्याद्यांमुळे. डाव मोडल्यावर मोहरी डब्यात भरायची आणि प्यादी मात्र पटावर तशीच ठेवायची, ही ताईची सवय. दिवेलागणीला पट मी उचलायचे, त्यामुळे तिच्या आणि वहिनींच्या डावांचे हे उरलेले सांगाडे माझ्या नजरेखालून वर्षानुवर्षं गेले होते. एका रविवारी वहिनी गेल्यावर मी नकळत तसंच केलं. मोहरी डब्यात गेली आणि काळी प्यादी समोर उघडी पडली.

ती वहिनींची प्यादी नव्हतीच. वहिनींची प्यादी एकमेकींचा हात धरून उभ्या असलेल्या मुलींसारखी असायची. एकाला मारायला जावं तर दुसरं तिथे राखायला हजर. वहिनींचे वडील त्यांना जुन्या देशी पद्धतीने खेळायला शिकवायचे. त्यात प्यादं सुरुवातीलाही एकच घर चालायचं आणि प्याद्याने दिलेली मात सगळ्यांत मानाची. अशा खेळात वाढलेली बाई प्यादं उगाच हलवत नाही. आणि इथे काय होतं? कडेचं प्यादं मध्याकडे आणून माझा घोडा मारता आला असता, तिथे मधलं प्यादं कडेला नेऊन मारलेलं. त्यामुळे कडेला दोन प्यादी एकामागे एक उभी, दोघांचा एकमेकांना उपयोग शून्य. मध्यभागी एक प्यादं एकटंच, शेजारच्या दोन्ही उभ्या पट्ट्यांत त्याला राखणारं कुणी नाही. कोपऱ्यात सुरक्षित बसवलेल्या राजासमोरचं प्यादं कारण नसताना पुढे सरकवलेलं, आणि मागे भलंमोठं भोक.

घोडा चुकीच्या घरात गेला तर परत आणता येतो, उंट मागे घेता येतो. प्यादं एकदा गेलं की गेलं. डावभर काय विचार केला होता ते पटावर तसंच राहतं. वहिनींनी विचार केला होता तो हरण्याचा. आधीचे डाव आठवून पाहिले. सगळीकडे तेच.

माझं सगळं यश पाच मिनिटांत उतरलं. राग आला, हसूही आलं. त्या डाव खेळायला येतच नव्हत्या. दर रविवारी खाडी ओलांडून त्या माझ्या समाचाराला येत होत्या आणि भेटीला फळं आणावीत तसा एकेक डाव आणून देत होत्या.

पुढच्या रविवारी मी मोहरी मांडलीच नाही.

"वहिनी, तुम्ही मुद्दाम हरता."

"न्हाय हो."

"गेल्या खेपेला कडेला नेऊन मारलंत ते?"

"नजर चुकली."

"दर रविवारी चुकते?"

वहिनींनी पोफळींकडे तोंड वळवलं. मग म्हणाल्या, "घरातलं माणूस गेलेलं, आणि मी येऊन वर मात द्यायची? हात उचलत न्हाय."

मी त्यांना म्हटलं, हल्ली सगळेच माझ्याशी हळू आवाजात बोलतात. भाजीवाली न मागता कोथिंबीर घालते. बँकेत मला रांगेत पुढे सोडतात. तुम्ही तरी खरं खेळा.

"खरं खेळले तर तुमचा चहा उकळायच्या आत डाव संपेल," वहिनी म्हणाल्या. "मग मी येवढी खाडी ओलांडून कशाला यायचं? सांत्वनाला? ते झालं आता, धाकट्या बाई." आणि थोड्या वेळाने, जरा नरमाईने, "गणपतीपर्यंत येते. तोवर डाव खेळण्यासारखा झाला तर ठीक. न्हाय तर मी घरी मोबाइलवर खेळीन. तो तोंड पाडून तरी बसत न्हाय."

त्या दिवशी त्यांनी मला खरं खेळून हरवलं. चहा खरोखरच उकळायचा होता. हरल्यावर मी तो केला आणि त्यांनी दोन कप घेतले.

आता माझ्यापुढे सरळ प्रश्न होता. वहिनी येईनाशा झाल्या तर ताईबद्दल नेहमीच्या आवाजात बोलणारं माणूस माझ्या ओळखीत उरणार नव्हतं. बाकीचे "बिचारी" म्हणत. वहिनी म्हणायच्या, "बाई फार लबाड. हत्ती सोडल्यासारखा करायच्या आणि दोन खेळ्यांनी गळा धरायच्या." मला रविवार वाचवायचे होते, आणि ते वाचवायला वजिराचे बळी उपयोगाचे नव्हते.

म्हणून मी प्यादी शिकायला घेतली. पद्धत ताईचीच, पण उलटी: आधी पटावर नुसती प्यादी मांडायची, मोहरी डब्यात. नामांकित डावांमधले सांगाडे एकेक करून मांडायचे आणि स्वतःला विचारायचं, इथे घोडा ठेवला तर कुठे शोभेल, हत्तीला कुठली पट्टी मोकळी आहे, उंटाची वाट आपलंच प्यादं तर अडवत नाही ना. आठवडाभरातच लक्षात आलं की मी आजवर उत्तरं पाठ केली होती, प्रश्न प्यादी विचारतात. प्याद्यांची साखळी तिरकी उभी असेल तर तिच्या टोकावर डोकं आपटण्यात अर्थ नाही, तळाचं प्यादं हलवावं लागतं. खाडीकाठच्या खारजमिनीच्या बांधाला पाणी जसं पायथ्याशीच लागतं तसं. प्याद्यांचे जितके वेगवेगळे तुकडे पडतील तितकी राखण जास्त. थळच्या किनाऱ्यावरून खांदेरी आणि उंदेरी हे जलदुर्ग बघताना मला हल्ली वाटतं, एवढ्याशा अंतरावर दोन वेगळी बेटं, दोन्हीकडे वेगळी शिबंदी ठेवायची म्हणजे काय जाच.

एकट्या प्याद्याबद्दल पुस्तकात लिहिलं होतं की ते कमजोर खरं, पण दोन्ही बाजूंच्या पट्ट्या मोकळ्या असल्यामुळे सोबतच्या मोहऱ्यांना हालचालीला भरपूर जागा मिळते. ते वाक्य मी दोनदा वाचलं आणि उठून झाडांना पाणी घातलं.

हरणं चालूच होतं, पण त्याला लांबी येऊ लागली. वहिनी परतीची कुठली लाँच पकडतात यावर मी माझी प्रगती मोजायचे. आधी त्या उन्हातच परत निघायच्या. मग ऊन कलल्यावर. पावसात समुद्र खवळला की लाँच बंद. तेव्हा त्या पेणवरून वळसा घालून गाडीने आल्या, आणि ड्रायव्हर ओसरीवर झोप काढून उठला तरी डाव चालू होता. "बरं उभं केलंय," त्या एकदा माझ्या प्याद्यांकडे बघून म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दिवसभर मी ते सांगायला कुणीतरी शोधत होते.

गणपतीच्या आधीचा रविवार आला. सकाळी मखराचा कागद आणायला अलिबागला जायचं होतं, गेले नाही. वहिनी आल्या आणि काही न बोलता मोहरी मांडायला लागल्या.

त्या डावात मला एकदा वजिराने थेट राजावर जायची वाट दिसली होती. पूर्वी गेले असते. त्याऐवजी मी माझं मागे राहिलेलं एक प्यादं एक घर पुढे आणून शेजारच्याच्या बरोबरीला उभं केलं. वहिनींनी चष्मा वर केला. मग मी संधी मिळेल तशी मोहरी बदलत गेले, कारण त्यांच्या बाजूला कडेचं एक प्यादं एकटं पडलं होतं, या वेळी खरोखरच, आणि मोहरी कमी झाली की त्याला राखायला कुणी उरणार नव्हतं. ऊन गेलं. ते प्यादं पडलं. शेवटी पटावर त्यांचा राजा, माझा राजा आणि माझं एक मोकळं प्यादं एवढंच राहिलं.

आणि तिथेच चुकलं. राजाने पुढे चालून वाट मोकळी करायची आणि प्याद्याने मागून यायचं, हे मी कितीदा मांडून पाहिलं होतं. घाईत प्यादंच पुढे ढकललं. वहिनींचा राजा बरोबर समोर येऊन बसला. थोड्या खेळ्यांनी त्याला हलायला घर नाही आणि शहही नाही. डाव बरोबरीत.

वहिनींनी पटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा चांगलाच लाल झाला होता.

"जिंकला होता तुम्ही डाव."

"हो ना."

"मग प्यादं कशाला ढकललं? मी म्हातारी खाडी ओलांडून आले म्हणून? दया आली माझी?"

मी शपथेवर सांगितलं की चूक झाली, निव्वळ घाईची चूक. त्यांना पटेना. एवढा डाव बांधणारी बाई शेवटी असलं कसं करेल, असं त्यांचं म्हणणं. माझं म्हणणं, मी कायमच असलं करते, ताईला विचारा. हे तोंडातून गेलं आणि ताई आता नाही हे आठवलं. मग वहिनीच म्हणाल्या, "बाईंनी तर तुम्हाला घराबाहेर काढलं असतं आज."

त्यांनी दोन्ही राजे आणि ते प्यादं परत आधीच्या जागी ठेवलं आणि पट माझ्याकडे सरकवला. जिंकून दाखवा म्हणाल्या. मी राजा पुढे नेला, प्यादं मागून आणलं, जिंकून दाखवलं. मग बाजू बदलून त्यांनी दाखवलं. मग प्यादं अलीकडच्या घरात असतं तर, आणि पलीकडच्या घरात असतं तर, यावर वाद सुरू झाला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मुलगा विचारत होता, शेवटची लाँच सुटली असेल, गाडी पाठवू का.

"पाठव," वहिनी म्हणाल्या, "पण घाई करायला सांगू नको ड्रायव्हरला." मुलगा आणखी काही बोलला. त्या पटावरून नजर न काढता ऐकत होत्या. "कुणाचं, भाचीच्या पोराचं? रविवारी? मग सकाळी उरका बारसं. दुपारी मला जमायचं न्हाय."

आणि फोन पदराखाली ठेवून त्या मला म्हणाल्या, "हं. आता पलीकडचं घर. तुमची खेळी."