आमच्यात अशी चाल नाही

हे मी कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? कळत नाही. स्वतःचाच इतका वैताग आलाय, की आता आत ठेववत नाही.

आम्ही मूळचे रनाळ्याचे. शिकून मी नंदुरबारला मास्तर झालो, अंगात कोट आला. आमच्या जातीत सुधारणा करायला निघालेल्या मंडळींनी मला चिटणीस केलं. बाईने काडीमोड करायची, पुन्हा दुसऱ्याशी पाट लावायचा — असल्या चाली बंद करा, असं मी सभेत ठणकावून सांगायचो. किती मिरवलं मी त्यात!

यमुना माझी चुलत बहीण. पहिला नवरा तिला मारायचा. रनाळ्यात पंच बसले, काडी मोडली, ती मोकळी झाली. मी होतो तिथे. पुढे सारंगखेड्याच्या एका शेतकऱ्याशी तिचा पाट लागला, मूल झालं, संसार बरा चालला होता. मग पहिल्याला अवदसा आठवली — माझी बायको पळवली म्हणून त्याने फिर्याद लावली.

आणि ते कोर्ट! अख्ख्या गावाने पाहिलेलं तिथे जमेसच धरत नाहीत. अशी चाल जातीत आहे हे सिद्ध करा म्हणे. पंच घाबरले, अडखळले, एकमेकांविरुद्ध बोलले. म्हणून यमुनेने मला साक्षीला बोलावलं. आत जाताना एवढंच म्हणाली, "भाऊ, तू तठे व्हता ना. तेवढंच सांग."

तेवढंच — काय अवघड होतं? पण मागच्या बाकावर आमची सुधारणावाली मंडळी बसली होती. वकिलाने विचारलं. मी शपथेवर म्हणालो, "आमच्यात अशी चाल नाही."

यमुनेच्या दुसऱ्या नवऱ्याला सजा झाली. मूल घेऊन ती रनाळ्याला परत आली, भावांच्या दारात. मी मात्र कायद्याला शिव्या देत राहिलो, पंचांना देत राहिलो — वर्षानुवर्षं. खोटं कोण बोललं होतं?

अजून एक आहे. माझी आई — तिचीही काडीमोड झालेली. माझ्या वडिलांशी तिचा पाटच लागलेला. साक्षीच्या दिवशी ती कोर्टाच्या आवारात बसली होती. मी काय बोललो ते माझ्याआधी बाहेर पोचलं होतं. मला पाहून तिने हळूच विचारलं,

"मंग मी कोन शे रे?"

मी कोट सारखा केला आणि शाळेत गेलो.