अठ्ठावीस दिवसांचे पाहुणे

आमचं घर लॉरीवरून आलं. एक नाही, दोन लॉऱ्या होत्या. अर्धं घर पहिलीवर, अर्धं दुसरीवर. मी कडेला कोटात हात खुपसून उभी होते आणि माझं स्वयंपाकघर प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं माझ्यासमोरून वळण घेत आत गेलं. दुपारपर्यंत माणसांनी दोन्ही अर्धी जोडून टाकली, खाली विटांची कड लावली, म्हणजे चाकं दिसायला नकोत. वास्तुशांतीला भटजी आले ते लंडनच्या हाउन्सलोहून दोन ट्रेन बदलून. वास्तुपुरुष आग्नेय कोपऱ्यात पुरायचा, तर तिथे काँक्रीट. शेवटी कुंडीत पुरला, वर जिरेनियम लावलं.

हाउन्सलोच्या घरात आमची तीस वर्षं गेली होती. हे विमानतळावर मालवाहतुकीच्या ऑफिसात, मी विमानातल्या जेवणाचे ट्रे भरणाऱ्या किचनमध्ये. रिटायर झालो, माझ्या गुडघ्यांना जिना नकोसा झाला, मुलानं स्लाऊला फ्लॅट घेतला, आणि आम्ही बेसिंगस्टोकच्या बाहेर हे पार्क होम घेतलं, कारखान्यात बांधून जागेवर आणून ठेवायचं बैठं घर. अशा ठिकाणी बहुतेक वेळा घर तुमचं असतं आणि जमीन दुसऱ्याची. तो म्हणेल ती पूर्व दिशा. इथे मात्र रहिवाशांनीच मिळून जुन्या मालकाकडून जमीन विकत घेतली होती. तीस घरं, घराला एक शेअर, घराला एक मत. यांना तेच आवडलं.

"कुणाच्या बापाला भ्यायला नको," हे म्हणाले. "लँडलॉर्ड आपणच."

नियम दोन महत्त्वाचे. पन्नाशीच्या आतल्या कुणी इथे राहायचं नाही. आणि पाहुणा वर्षातून अठ्ठावीस दिवसांच्या वर ठेवायचा नाही. वाचताना मला दोन्ही बरेच वाटले. शांतता राहील, म्हटलं.

रहिवाशांच्या हॉलमध्ये पहिल्या चहाला गेलो तेव्हा एका गृहस्थांनी हसत हसत विचारलं, तुमच्या लोकांकडे फॅमिली फार येते ना राहायला, महिनोन्‌महिने? सगळे हसले. आम्हीही हसलो. आम्ही या देशात असं किती हसलोय, त्याचा हिशेब मी कधी ठेवला नाही. परत येताना हे म्हणाले, "विचारलं हसत, पण विचारलं ना. आपण तेवढी संधीच द्यायची नाही."

पुढच्या वर्षी हे कमिटीचे सेक्रेटरी झाले. मी यांना इतकं खूश मुलाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. ऑफिसात अठ्ठावीस वर्षं यांनी दुसऱ्यांच्या सह्यांसाठी कागद पुढे सरकवले. आता यांच्या सहीची नोटीस हॉलच्या दारावर लागायची. पाहुण्यांचं रजिस्टर यांनीच सुरू केलं. त्यात पहिलं नाव कुणाचं असावं? माझ्या सख्ख्या बहिणीचं.

ताई नागपूरहून आली ती भावोजी गेल्यानंतर. तीन महिने राहायचं म्हणून आली होती. येताना लोणचं, सांडगे, माझ्यासाठी दोन सुती गाऊन. सव्विसाव्या दिवशी यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मी दोन दिवस तोंड उघडू शकले नाही, आणि अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी तिची बॅग भरताना म्हणाले, "ताई, थोडे दिवस आता स्लाऊला राहा, मुलाला पण बरं वाटेल."

ती काही वेडी नव्हती. तिनं रजिस्टर पाहिलं होतं.

"दिवस मोजताय होय गं माझे?" ती म्हणाली. "आपल्याकडे कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडतात. माणसांचे नाही."

स्लाऊच्या सहाव्या मजल्यावर मुलगा-सून कामाला गेले की ताई दिवसभर खिडकीशी बसून गोदामाच्या लॉऱ्या बघायची. तिनं तिकीट बदलून घेतलं आणि तीन आठवडे आधीच परत गेली. आता फोन केला की "बरं आहे" एवढंच म्हणते. मी तेव्हा यांच्याशी भांडायला हवं होतं. भांडले नाही. उलट शेजारणीला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की बघा, आम्ही आमच्या माणसांनासुद्धा नियम लावतो.

ही शेजारीण म्हणजे आमच्या डावीकडच्या घरातली इंग्लिश बाई. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, उभा जन्म शाळेच्या किचनमध्ये मुलांना जेवण वाढण्यात गेलेला. मी ट्रे भरणारी, ती वाढणारी. आमचं पहिल्या दिवसापासून जमलं. आम्ही आलो त्या संध्याकाळी ती बशीत शॉर्टब्रेडची बिस्किटं घेऊन आली. मी दुसऱ्या दिवशी बशी शंकरपाळे भरून परत नेली. ती म्हणाली, अगं लव्ह, मी काही परत मागितलं नव्हतं. मी सांगितलं, आमच्यात भांडं रिकामं परत करत नाहीत. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालायची.

तिला ही गोष्ट भयंकर आवडली. तेव्हापासून माझ्या आईचा एक स्टीलचा डबा आमच्या दोन घरांत फिरायचा. झाकणावर आईचं नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं. त्यावरून ती बोट फिरवायची, अक्षरं विचारायची. माझ्याकडून वडे, गाजराचा हलवा, पोहे. तिच्याकडून टोमॅटो, रूबार्बचे आंबट देठ, अर्धा केक. एकदा बर्फामुळे तिला दुकानात जाता आलं नाही, तर डब्यात दोन टी-बॅग आल्या. पाच वर्षांत तिनं एकदाही डबा रिकामा पाठवला नाही. माझ्या सुनेला ही रीत शिकवून शिकवून मी थकले होते, आणि ही बाई एका दिवसात शिकली.

मग तिचे हात थरथरायला लागले. चालताना मध्येच पाय जमिनीला खिळायचे. पार्किन्सन्स निघाला. दोनदा पडली. तेव्हा तिची मुलगी लीड्सची नोकरी सोडून आईजवळ येऊन राहिली. मुलगी पंचेचाळीस वर्षांची. पन्नासला पाच कमी.

अठ्ठावीस दिवस झाले, चाळीस झाले. कुणी बोललं नाही. मग कुणीतरी बोललं. एक निनावी चिठ्ठी कमिटीच्या पेटीत पडली. यांनी ती मला वाचून दाखवली. "सेक्रेटरीच्या शेजारी नियम मोडला जातो आणि सेक्रेटरी गप्प" असं काहीसं होतं. हे दोन दिवस जेवले नाहीत नीट. त्या मायलेकींचं यांना काही वाटलं नसेल असं नाही, पण ती चिठ्ठी जास्त लागली.

मीटिंग बोलावली. प्रश्न एकच होता: या घरासाठी अपवाद करून मुलीला आईजवळ राहू द्यायचं का? राहू दिलं नाही, तर त्या बाईला एकटीनं राहणं शक्य नव्हतं. म्हणजे घर सोडून केअर होम. हे सगळ्यांना माहीत होतं. कुणी म्हणेल आम्हाला कल्पना नव्हती, तर ते खोटं आहे.

मीटिंगच्या दिवशी दुपारी मी तिला डब्यातून मऊ खिचडी पाठवली. तिला आता गिळायला त्रास व्हायचा म्हणून तांदूळ-मूगडाळ घोटून, वर साजूक तूप. यांनी बघितलं आणि म्हणाले, "हे आज नको होतं पाठवायला. लोक म्हणतील आपलं ठरलेलं आहे."

"मग काय करायचं संध्याकाळी?" मी विचारलं.

"मी पुढे मिनिट्स लिहीत बसणार. घराचं मत तू द्यायचं." यांनी चष्मा पुसला. "एवढंच लक्षात ठेव, आपण ताईंना पाठवलं होतं. आता हिला हो म्हटलं, तर आपण तेव्हा मूर्ख ठरतो आणि आत्ता पक्षपाती."

हॉलमध्ये ती पहिल्या रांगेत व्हीलचेअरवर, माझ्याकडे पाठ. मुलीला यांनी दारातच थांबवलं, शेअरहोल्डर नाही म्हणून. ती बाहेर थंडीत उभी राहिली. काही लोक चांगलं बोलले. काही म्हणाले, आज मुलगी, उद्या नातवंडं, मग या जागेचं काय होईल. तो पहिल्या चहाचा गृहस्थ म्हणाला की नियम म्हणजे नियम, आणि मला वाटलं की तो माझ्याकडे बघून म्हणाला. कदाचित नसेलही.

अपवादाच्या बाजूनं हात वर झाले तेव्हा माझे दोन्ही हात मांडीवर होते. मग विरुद्ध बाजू विचारली. मी आजूबाजूला बघितलं. मला ताईची बॅग आठवली, तिची गोदामांकडची खिडकी आठवली. आणि खरं सांगायचं तर मला राग आला. माझ्या विधवा बहिणीला जावं लागलं, तर हिच्या मुलीनं का राहावं? तो राग ताईचा नव्हता, तिनं मला असं कधीच करू दिलं नसतं. तो माझा होता, आणि त्यात भीतीही होती, की आपण वेगळे दिसू. मी हात वर केला. फार उंच नाही. मोजता येईल इतका.

तेरा बाजूनं, पंधरा विरुद्ध. ती मागे वळली नाही.

घरी येताना हे म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा. मी हो म्हणाले. नंतर कितीतरी वेळा यांनी मला समजावलं, की तू उलट मत दिलं असतंस तरी चौदा-चौदा झालं असतं आणि चेअरमनचं निर्णायक मत नियमालाच गेलं असतं. चेअरमन दर डिसेंबरात शिडी लावून तिच्या छपराची पन्हाळ साफ करायचा. त्यानं काय केलं असतं, ते मला माहीत नाही. यांनाही नाही.

यांनी मिनिट्स लिहिली. साधी बेरीज लिहून भागलं असतं, पण अर्धवट काम यांना जमत नाही. कोणत्या नंबरच्या घरानं कोणत्या बाजूनं हात वर केला, सगळी यादी. आणि तीस प्रती काढून स्वतः घरोघरी टाकल्या. तिच्या दारातल्या फटीतूनही. मी खिडकीतून बघत होते. अडवलं नाही.

मुलगी दोन आठवड्यांनी गेली. देखभालीला कौन्सिलच्या बाया दिवसातून चारदा यायच्या, पंधरा मिनिटं थांबायच्या. पूर्वी रोज सकाळी आठला तिचा पडदा वर जायचा आणि ती मला हात करायची; तो पडदा आता दहाला, कुणीतरी परकं वर करायचं. मी गेले नाही. रोज ठरवायचे आणि जायचे नाही. काय तोंड घेऊन जाणार होते? डबा तिच्याकडेच होता. मी मनाला सांगत होते की डबा आला की भरून घेऊन जाईन. नोव्हेंबरात ती बाथरूममध्ये पडली आणि सकाळच्या बाईला सापडली. हॉस्पिटलमधून ती परस्पर केअर होमला गेली.

आता यांनाही शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो. डॉक्टरांकडे दाखवू म्हटलं की विषय बदलतात. आमचा मुलगा एकेचाळीस वर्षांचा आहे. हे आम्ही एकमेकांना बोलून दाखवत नाही, पण रजिस्टर यांनी हल्ली कपाटात ठेवलंय.

शेजारचं घर विकायला काढलं तेव्हा तिची मुलगी सामान आवरायला आली. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं आमची बेल वाजवली. हातात डबा होता. तिचे कोरडे, फुटलेले ओठ अजून डोळ्यांसमोर आहेत. आत या म्हटलं, नाही म्हणाली.

डबा हातात घेताच वजनावरून कळायला हवं होतं. पण मी वेडी, दारातच झाकण काढलं. आतून घासून पुसून कोरडा केलेला, तळाशी माझं तोंड दिसत होतं.

मुलगी जरा घुटमळली. "मी बिस्किटं घालत होते त्यात," ती म्हणाली. "आईच म्हणाली, नको. रिकामाच दे. तिला समजेल म्हणाली."

मागे हे येऊन उभे राहिले होते. यांनी डब्यात डोकावून पाहिलं आणि आत गेले.

मी झाकण लावलं. आईच्या नावाचे ठिपके बोटाला लागले. आणि मग, तीस-पस्तीस वर्षांची सवय जाते कुठे, मी त्या मुलीकडे बघून हसले आणि म्हणाले, "थँक यू."