होडीवालीचा आवाज

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा मी शक्यतो बोलायचंच टाळायचो. 'प' आणि 'म' ही अक्षरं ओठांवर चिकटून बसत. कामोठ्याच्या क्लासमधून परतताना शेअर रिक्षावाल्याला 'पनवेल' म्हणता येत नसे, म्हणून 'शेवटी उतरणार' एवढंच सांगायचो.

त्याच वर्षी मला एका काल्पनिक राज्याच्या व्हिडिओ गेमचं वेड लागलं. मालिकेतला तिसरा भाग होता तो. आपण एक प्रवासी व्हायचं, डोंगर-जंगलं तुडवायची, गावोगावच्या लोकांची कामं अंगावर घ्यायची. कुणाशी बोलायची वेळ आली की पडद्यावर चार वाक्यं येत. त्यातलं एक निवडलं की झालं. इतकी सोय मला जगात दुसरीकडे कुठेच नव्हती.

या खेळाच्या चाहत्यांचा इंटरनेटवर एक फोरम होता. तिथे मी भरभरून लिहायचो. लिहिताना कसलं अडखळणं! त्यातले आम्ही सहाजण मिळून खेळात एक नवं बेट जोडत होतो, हौसेखातर. बेटावरच्या माणसांचे संवाद माझ्याकडे होते, प्रवाशाला पलीकडे नेणाऱ्या होडीवालीचेही. गटाची प्रमुख पोलंडमधली एक शिक्षिका होती. तिने एक दिवस लिहिलं, "होडीवाली तुझ्या भाषेत बोलू दे. खाली इंग्रजी ओळी देऊ. आवाजाचं तेवढं तू बघ."

मी स्वतः आवाज देणं शक्यच नव्हतं. मग आठवली आमची कोळीण मावशी. ती उरणहून एसटीने यायची आणि माझ्या लहानपणापासून आमच्या दारात पाटी उतरवायची. एका शनिवारी आईने मांदेली निवडून घेतली आणि मावशी चहाला टेकली. तेवढ्यात मी कागदावर लिहून आईला दाखवलं. आईने तिला सगळं समजावलं.

"होडीवाली व्हयाचं? त्यात काय!" मावशी हसली. पण माईक समोर आल्यावर मागे सरकली. "ह्या दांडक्याशी काय बोलू? तू इचार, मी सांगते."

आता सुटका नव्हती. प्रवाशाचं पहिलंच वाक्य होतं, 'मावशी, पलीकडे सोडशील का?' म्हणजे दोन्ही शत्रू शेजारी शेजारी, आणि ते मीच लिहिलेलं. मी 'म'वर अडलो. मान ताठ झाली, डोळे मिटले गेले. आई नेहमीसारखी वाक्य पूर्ण करायला पुढे झाली, तर मावशीने हाताने तिला थांबवलं आणि होडीत बसल्यासारखी मला म्हणाली, "बोल, बोल. घाई नाय. भरतीला अजून टाईम हाय."

हे मी लिहिलेलं नव्हतं.

मी वाक्य पूर्ण केलं. मग दुसरं. तिसरं. ती प्रत्येक वेळी थांबली.

नंतर कॉम्प्युटरवर मी माझा आवाज कापायला बसलो. पण तिचं बोलणं माझ्या अडखळण्यात इतकं गुंतलं होतं की एक काढलं की दुसरं तुटायचं. शेवटी सगळं तसंच पाठवलं आणि सोबत माफी मागितली. आपल्याला बोलताना त्रास होतो, हे मी फोरमवर पहिल्यांदाच कुणाला तरी लिहिलं.

शिक्षिकेचं उत्तर आलं, "तुझी हरकत नसेल तर प्रवासी असाच ठेवू."

'चालेल' हा एक शब्द लिहायला मला चार दिवस लागले.

बेट लोकांपर्यंत पोचलं तेव्हा चेष्टा होईल म्हणून मी दोन दिवस फोरम उघडलाच नाही. उघडला तर लोक विचारत होते, ती बाई 'घाई नाय' म्हणते, त्याचा अर्थ काय? मी सांगितला. त्यानंतर कुणी नवखा उतावीळपणे प्रश्नांवर प्रश्न टाकू लागला, की जुने चाहते त्याला रोमन अक्षरांत तेच दोन शब्द लिहू लागले.

मी मावशीला कॉम्प्युटरसमोर बसवून तिचा आवाज ऐकवला. ती लाजली, पदर तोंडाला लावला. मग पडद्याकडे नीट बघून म्हणाली, "वल्हं असं कोन मारतं? बुडंल ना ही! घरी ये, आमचं मानूस दाखवंल."

पुढच्या रविवारी मी उरणला गेलो. तिच्या नवऱ्याने मला होडीत बसवलं आणि वल्हं हातात दिलं. मी विचारत गेलो, अडखळत, पण थांबलो नाही. पाणी कापताना मनगट कसं वळवायचं, ओहोटीला होडी कुठे बांधायची, काय काय विचारलं! वही भरली. तळव्यांना फोड आले.

खेळातली होडी सुधारायची तर हे सगळं गटाला लिहून कळवणं अवघड होतं. गटातले बाकीचे अधूनमधून कॉलवर बोलत. मी आजवर माईक बिघडल्याचं सांगून टाळत आलो होतो. त्या आठवड्यात एका दुपारी मी पहिल्यांदा कॉलवर गेलो आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत होडी समजावली. तासभर लागला. मध्ये कितीतरी वेळा नुसती शांतता होती, पण माझं वाक्य कुणी पूर्ण करून दिलं नाही.

शेवटी शिक्षिकेने विचारलं, "पुढच्या बेटावर आवाज देणाऱ्यांची तयारी कोण करून घेईल?"

कुणी काही बोलायच्या आत मी म्हणालो, "मी करीन."